भरतीची वेळ आणि साहेबांची वेळ

आपण कोणाकोणाला 'नाही' म्हणालो, हे प्रशासनातल्या माणसाच्या चांगले लक्षात राहते. आपल्याला कोण 'नाही' म्हणाले आणि त्याचे ते 'नाही' आपण कसे मोडून काढले, हे मात्र तो सोयीस्करपणे विसरतो. मी विसरलो नाही. याचे श्रेय माझ्या स्मरणशक्तीला नसून अंदमानातल्या चिखलाला आहे.

2017 च्या हिवाळ्यात एका बैठकीसाठी मी पोर्ट ब्लेअरला गेलो होतो. (2024 पासून या शहराचे नाव श्री विजयपुरम असे आहे.) बैठक शुक्रवारी संपली. पत्नी स्वखर्चाने बरोबर आली होती, म्हणून शनिवार-रविवार हॅवलॉक बेटावर काढायचे ठरले. हेच बेट डिसेंबर 2018 मध्ये स्वराज द्वीप झाले. तेथे खारफुटीच्या खाडीतून कयाक नावाच्या अरुंद, हलक्या होडीतून वाटाड्यासोबत दोन-अडीच तास फिरता येते, आणि वल्हे कधी हातात धरले नसले तरी चालते, असे पत्नीने कोठेतरी वाचले होते. माझे बालपण रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठी गेले. तिवर आणि चिपीच्या झाडीत खेकडे शोधण्यात आमच्या सुट्ट्या संपत. त्यामुळे मी लगेच होकार दिला. त्यात थोडा गर्वही होता. खारफुटी मला कोण दाखवणार, असा.

शनिवारी सकाळी सात वाजता जेटीवर या, असा निरोप होता. भरती साडेआठच्या सुमारास पूर्ण व्हायची होती. चढत्या पाण्याबरोबर आत शिरायचे आणि पाणी उतरू लागण्याच्या आत बाहेर यायचे, असा त्या लोकांचा साधा हिशेब. परंतु आमच्या सोयीसाठी जो स्थानिक कर्मचारी बरोबर देण्यात आला होता, त्याने विश्रामगृहात न्याहारीचा बेत आखला होता. चार माणसे भेटायला आली. दोघांनी निवेदने दिली. एकाने छायाचित्र काढण्याचा आग्रह धरला. आम्ही जेटीवर पोहोचलो तेव्हा सव्वादहा वाजून गेले होते.

वाटाड्या तिशीतला होता. हॅवलॉकमध्ये फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना 1950 च्या दशकात वसवण्यात आले. गोविंदनगर, विजयनगर, कृष्णनगर, श्यामनगर, राधानगर ही तेथील गावांची नावे त्या वसाहतीचीच. हा मुलगा त्या निर्वासितांच्या तिसऱ्या पिढीतला. त्याने पाण्याकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि अत्यंत अदबीने म्हणाला, "सर, आज का पानी चला गया. कल सुबह सात बजे." सोबतचा कर्मचारी त्याला बाजूला घेऊन गेला. "दिल्ली के साहब हैं, कल इनका जहाज है," एवढे मला स्पष्ट ऐकू आले. पुढचे ऐकू आले नाही, पण ते काय असेल हे तीस वर्षे सरकारात काढलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. त्या वेळी मी दहा पावलांवर उभा होतो. "राहू दे, उद्या बघू," हे चार शब्द उच्चारणे मला शक्य होते. मी टोपी ठीक करत समुद्राकडे पाहत राहिलो.

आता थोडे त्या होडीविषयी, कारण पुढचा मुद्दा समजण्यासाठी ते आवश्यक आहे. नवशिक्यांना जी कयाक देतात ती बहुधा दोघांसाठी असलेली, वरून उघडी, पोकळ प्लास्टिकची असते. तिला रुंद बूड असल्याने ती सहजासहजी उलटत नाही. जड माणसाने मागे बसायचे, दोघांनी एकाच लयीत वल्हवायचे, पाणी हाताने ओढायचे नाही तर कमरेपासून वळून ओढायचे. किनाऱ्यावर दहा-पंधरा मिनिटांत एवढे शिकवता येते. कयाकला चालायला वीतभर पाणी पुरते. तिला इंजिन नाही, म्हणून आवाज नाही, डिझेलचा तवंग नाही आणि काठाची माती ढासळवणाऱ्या लाटाही नाहीत. जेथे मोटारबोट शिरू शकत नाही त्या चिंचोळ्या फाट्यांत ती शिरते. हा तिचा मोठा गुण. तिचा धोकाही नेमका हाच, कारण ज्या फाट्यात वीतभर पाण्यावर आपण आत गेलो, तेथून ते वीतभर पाणी निघून गेले की आपण तेथेच.

अर्ध्या तासात आम्ही त्या हिरव्या बोगद्यात होतो. कांदळाची कमानदार मुळे दोन्ही बाजूंनी पाण्यात उतरलेली, त्यांच्यावर कालवांचे थर. वाटाड्या हळू आवाजात नावे सांगत होता. तो ज्याला 'बाइन' म्हणत होता ते आमचे तिवर, 'केवडा' म्हणजे चिपी. 'गेवा' म्हणजे आमच्याकडचा हुरा. त्याची फांदी धरू नका, चीक डोळ्यांत गेला तर आंधळे व्हाल, अशी तंबी माझ्या आजीने मला दिली होती, तीच त्याने बंगाली वळणाच्या हिंदीत दिली. (तमिळनाडूत याच झाडाला तिल्लै म्हणतात आणि चिदंबरमचे जुने नावही तिल्लै. जवळच्या पिच्चावरमच्या खारफुटीत मी पूर्वी वल्ह्याच्या होडीतून गेलो होतो. तेथील नावाड्यानेही हीच तंबी दिली होती. देशाच्या तीन किनाऱ्यांवर एकच सूचना, आणि ती कोणत्याही परिपत्रकात नाही.) मी खूश होतो. पत्नीने चिखलावर उड्या मारणारी निवटी पाहिली आणि तिला हसू आवरेना.

मग वाटाड्याने वल्हे थांबवले आणि पाण्याकडे पाहिले. मुळांवर ओल्या रेघेची एक पट्टी उघडी पडली होती. "वापस," एवढेच तो म्हणाला. आम्ही वळलो, म्हणजे वळण्याचा प्रयत्न केला. नवशिक्याला सरळ जाणे जमते, वळणे जमत नाही. त्या गोंधळात पाच-सात मिनिटे गेली. दोन वळणांनंतर कयाकच्या बुडाला चिखल लागला.

अशा जागी पाण्याबाहेर पाऊल टाकण्याची कल्पना शहरातल्या वाचकाला येणार नाही. चिखल मांडीपर्यंत, त्यात खिळ्यांसारखी वर आलेली श्वसनमुळे, आणि मुळांवर कालवांच्या शिंपा, पात्यासारख्या धारदार. ओहोटी पूर्ण व्हायला अजून तीन तास होते. पाणी पुन्हा होडी तरंगण्याइतके चढायला संध्याकाळचे पाच वाजणार होते. आणि अंदमानात डिसेंबरात पाच वाजता सूर्य मावळतो. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशावरची. ही बेटे तिच्या दहा अंश पूर्वेला. म्हणजे सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे. दिल्लीच्या घड्याळाने चालणारा माणूस तेथे दिवसाच्या दोन्ही टोकांना फसतो. शिवाय त्या खाड्यांत खाऱ्या पाण्यातील मगर आहे. एप्रिल 2010 मध्ये याच बेटावर राधानगर किनाऱ्याजवळच्या एका कोपऱ्यात एका अमेरिकन पर्यटक तरुणीचा मगरीने बळी घेतला होता. ही घटना मला ठाऊक होती, कारण बैठकीच्या टिपणात तिचा उल्लेख होता. पत्नीला ठाऊक नव्हती. मी तिला त्या दिवशी सांगितली नाही.

वाटाड्या खाली उतरला. तिन्ही होड्यांना (तिसऱ्यात तो सोबतचा कर्मचारी एकटाच बसला होता आणि आता त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता) त्याने एकेक करून दोरी बांधली आणि मांडीभर चिखलातून मुख्य खाडीपर्यंतचे साठ-सत्तर पावलांचे अंतर ओढत नेले. याला दीड तास लागला. आम्ही उतरून मदत करू म्हणालो, तर त्याने ठामपणे बसून राहायला सांगितले. ते योग्यच होते. आम्ही उतरलो असतो तर आम्हालाही ओढावे लागले असते. मी, वर्ग एकचा अधिकारी, नारिंगी जाकीट घालून, मांडीवर आडवे वल्हे घेऊन बसलो होतो आणि एक माणूस मला चिखलातून ओढत होता. जेटीवर आलो तेव्हा त्याच्या पायाला दोन ठिकाणी खोल कापलेले होते. त्याची एक चप्पल चिखलातच राहिली. आणि तो मला म्हणाला, "सर, माफ कीजिएगा, देर हो गया."

माझ्या दौरा अहवालात यातले काहीही नाही.

हे सारे एवढ्या विस्ताराने सांगण्याचे कारण असे की, पुढील काही वर्षांत साहसी पर्यटनाच्या नियमनाविषयी दोन-तीन बैठकांना बसण्याचा योग आला आणि प्रत्येक वेळी मला तो सव्वादहाचा प्रसंग आठवत राहिला. आपल्याकडे पाण्यावरील अपघातांनंतर काय होते ते वाचकांना ठाऊक आहे. 26 जानेवारी 2014 रोजी पोर्ट ब्लेअरजवळ पर्यटकांची बोट बुडून 21 जण गेले. 7 मे 2023 रोजी केरळात तानूर येथे 22. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात 12 शाळकरी मुले आणि 2 शिक्षिका. या तिन्ही ठिकाणी क्षमतेपेक्षा जास्त माणसे चढवली होती. प्रत्येक दुर्घटनेनंतर चौकशी होते, सर्व बोटी काही दिवस बंद राहतात, जाकिटांची मोजणी होते, आणि नवा तक्ता येतो. तक्त्यात रकाने असतात: नौकांची संख्या, जाकिटांची संख्या, परवान्याची मुदत, पर्यटकांची संख्या. हे रकाने आवश्यक आहेत, त्यांची मी चेष्टा करत नाही. तथापि जेटीवर उभ्या असलेल्या एका माणसाला "आता नाही" असे म्हणता आले होते का, आणि म्हटल्यावर काय झाले, हे विचारणारा रकाना मी अद्याप पाहिलेला नाही.

केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने 2018 मध्ये साहसी पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. कयाकिंगचाही त्यांत समावेश आहे. चांगला दस्तऐवज आहे. पण तत्त्वे म्हणजे कायदा नव्हे. महाराष्ट्राने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून नोंदणीची व्यवस्था केली, हे एक पाऊल पुढे. दुसऱ्या बाजूला खारफुटीचे संरक्षण आहे. 18 जानेवारी 2019 च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेनुसार खारफुटी ही अतिसंवेदनशील वर्गात मोडते. हजार चौरस मीटरपेक्षा अधिक क्षेत्र असेल तर भोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखायचा असतो. त्या वर्गात पर्यावरण पर्यटनाला मंजूर आराखड्याच्या अधीन राहून मुभा आहे: खारफुटीतील पायवाटा, झाडांवरची घरे, निसर्गवाटा, इत्यादी. कयाक कोठे बसते? 'इत्यादी'मध्ये. आमच्या प्रशासनात 'इत्यादी' या शब्दाने जेवढे पोट भरले आहे, तेवढे अर्थसंकल्पाने भरले नसेल. जे 'इत्यादी'त आहे त्याचा धनी कोणीच नसतो आणि हात ओला करून घेणारे मात्र पाच खात्यांत असतात: वन, पर्यटन, बंदर, पोलीस, पंचायत.

काही सहकारी म्हणतात, मग खारफुटीत माणसे न्यायचीच कशाला? हा प्रश्न गंभीर आहे आणि मी त्याचे उत्तर अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून देईन. खारफुटीचे मोल बाजारात दिसत नाही. 1999 च्या ओडिशातील महाचक्रीवादळात केंद्रपाडा जिल्ह्यातील ज्या गावांसमोर खारफुटीचा पट्टा रुंद होता, तेथे माणसे कमी दगावली, असे सौदामिनी दास आणि जेफ्री व्हिन्सेंट यांनी 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवून दिले. पण न झालेल्या मृत्यूंची पावती कोणाच्या नावे फाडणार? भारतीय वन सर्वेक्षणाच्या 2021 च्या अहवालानुसार देशात 4,992 चौरस किलोमीटर खारफुटी आहे. त्यातली 2,114 एकट्या पश्चिम बंगालात, 616 अंदमान-निकोबारात, 324 महाराष्ट्रात. मुंबईत आणि कोकणात ती वाचवण्यासाठी न्यायालयाला मध्ये पडावे लागले. मुंबई उच्च न्यायालयाचा पहिला आदेश 2005 चा आणि अंतिम निकाल 2018 चा. न्यायालयापर्यंत जाणारी माणसे थोडीच असतात. जी माणसे एकदा त्या हिरव्या बोगद्यातून गेली आहेत, त्यांना खारफुटी म्हणजे दुर्गंधीयुक्त चिखलाची पडीक जमीन वाटत नाही. आमच्या लहानपणी आमच्याच गावात तिवराची झाडी तोडून भराव घालण्याला 'जागा साफ करणे' म्हणत. मीही म्हटले आहे. एका पिढीची भाषा बदलायची तर तिला तेथे न्यावे लागेल, आणि नेण्याचा कमीत कमी उपद्रवी मार्ग वल्ह्याचा आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी या बचत गटाच्या महिला वल्ह्याच्या होडीतून पर्यटकांना कांदळवन दाखवतात. केरळात कडलुंडी येथे 2007 मध्ये जाहीर झालेल्या सामुदायिक राखीव क्षेत्रात स्थानिक नावाडी तेच करतात. या कामाला भांडवल थोडे लागते आणि पैसा गावात राहतो. अर्थात वल्ह्याच्या होड्याही शंभर सोडल्या तर तेथे पक्षी बसणार नाहीत, हेही खरेच.

तेव्हा न्यावे. प्रश्न एवढाच की कोणाच्या हवाली करून न्यावे.

जॉर्ज अकरलॉफ यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी एक निबंध लिहिला आणि पुढे 2001 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. सार असे की विकणाऱ्याला मालाची पारख आहे आणि घेणाऱ्याला नाही, अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर पडतो, कारण त्याची किंमतच कोणी देत नाही. कयाकच्या जेटीवर मी हा निबंध डोळ्यांनी पाहिला. नवशिक्याला वाटाड्याची पारख नसते. "आज पाणी गेले" हे वाक्य त्याला आळसाचे वाटते, किंवा जास्त पैसे उकळण्याची युक्ती वाटते. शेजारचा वाटाड्या "चला ना सर" म्हणतो तो त्याला तत्पर वाटतो. दहापैकी नऊ वेळा तो तत्पर माणूस सुखरूप परतही येतो, म्हणून पारख कधी होतच नाही. जो नकार देतो त्याचा दिवस बुडतो, जो देत नाही त्याची वाहवा होते. अशा ठिकाणी चांगला वाटाड्या एक तर धंदा सोडतो, नाहीतर नकार सोडतो. आणि गिऱ्हाईक साहेब असेल तर ही प्रक्रिया फार जलद होते.

एका बैठकीत मी असे सुचवले की प्रत्येक जेटीवर रद्द केलेल्या फेऱ्यांची नोंदवही असावी. तारीख, वेळ, कारण, वाटाड्याची सही. तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने ती आधी पाहावी, जाकिटे नंतर. वर्षभरात ज्या जेटीवर एकही नकार नोंदलेला नाही, त्या जेटीवर समुद्र फार शहाणा आहे असे न समजता तेथे काहीतरी लपवले जात आहे असे समजावे. यावर एक सहकारी हसून म्हणाले की रद्द फेऱ्या वाढल्या तर जिल्ह्याची कामगिरी खालावलेली दिसेल. ते विनोद करत नव्हते. दुसऱ्यांचे म्हणणे होते की वाटाडे याचा गैरफायदा घेतील, हंगामाबाहेर घरी बसतील आणि नोंदवहीत भरती लिहितील. हा आक्षेप मला रास्त वाटतो. पण भरती ही अशी गोष्ट आहे की तिची खोटी नोंद फार दिवस टिकत नाही. सर्वेक्षण खात्याचे भरती-ओहोटीचे तक्ते वर्ष सुरू होण्याआधीच छापून तयार असतात. लेखापरीक्षकाला असा साक्षीदार दुसऱ्या कोणत्या खात्यात मिळतो?

खरी अडचण पैशाची आहे. नकार दिल्यावर वाटाड्याचा रोज कोणी द्यायचा? माझे मत असे की प्रत्येक तिकिटातून थोडी रक्कम जेटीच्या सामाईक निधीत जावी आणि नोंदवहीत सकारण नकार असेल त्या दिवशी त्यातून अर्धा रोज मिळावा. पूर्ण नव्हे, अर्धाच. नाहीतर वरचा आक्षेप खरा ठरेल. फेऱ्यांच्या वेळा घड्याळाने न ठरवता भरतीने ठरवाव्यात आणि त्या तिकिटावर छापाव्यात. भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातला कोळी तिथीची पाऊणपट करून ती तोंडी सांगतो. तो हिशेब अंदमानात जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण प्रत्येक बंदराची वेळ निराळी, आणि म्हणूनच ती स्थानिक माणसाकडून घ्यावी लागते. 'सकाळी 10 ते सायंकाळी 5' अशी पाटी खाडीच्या तोंडावर लावणे हा शुद्ध अडाणीपणा आहे, आणि ती पाटी मी एकाहून अधिक राज्यांत पाहिली आहे.

परवाना कंपनीच्या नावे न देता वाटाड्याच्या नावे द्यावा, हा माझा आणखी एक आग्रह. कंपनी बदलली तरी त्याचे ज्ञान त्याच्याबरोबर जाते. याची परीक्षा दिल्लीत किंवा गोव्यात घेऊन भागणार नाही. पोहणे, उलटलेली होडी सरळ करणे, प्रथमोपचार, हे सगळीकडे सारखे. गोव्याच्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेसारख्या ठिकाणी ते उत्तम शिकवता येईल. पण भितरकणिकेत मगर आहे, सुंदरबनात मगरीबरोबर वाघही आहे आणि कडलुंडीत यांपैकी काहीच नाही. अंदमानात तर 2004 च्या भूकंपाने जमीनच हलवली. उत्तर अंदमानचा किनारा वर उचलला गेला आणि तेथील खारफुटी कोरडी पडून मेली. दक्षिणेकडे पोर्ट ब्लेअरजवळ सिप्पीघाटची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली. निकोबारमध्ये खारफुटी बुडून नष्ट झाली. एका सकाळी ज्या बेटांची पातळी बदलली, तेथील खाडी कोठे उथळ आहे हे नकाशाला उशिरा कळते. वल्हे मारणाऱ्याला त्याच आठवड्यात कळते. त्याची परीक्षा त्याच खाडीत, त्याच्याहून जुन्या नावाड्यांनी घ्यावी आणि अधिकाऱ्याने फक्त बाजूला बसावे.

मी नियमांचा भक्त नाही. प्रत्येक नवा परवाना हे नव्या खिशाला दिलेले आमंत्रण असते, हे सेवेत असताना जितके स्पष्ट दिसते तितके बाहेरून दिसत नाही. म्हणून वरच्या सूचनांत कोठेही नवे कार्यालय नाही. एक वही, एक छापील वेळ, आणि एका माणसाच्या शब्दाला थोडे वजन. यांतले तिसरे सर्वांत कठीण आहे, कारण ते अधिसूचनेने देता येत नाही. राजशिष्टाचार शाखेतून जाणाऱ्या फोनपुढे चिखलात उभ्या असलेल्या माणसाचा शब्द टिकायचा, तर फोन करणाऱ्याला आधी त्याची सवय व्हायला हवी. फोन ज्याच्या नावे केला जातो त्यालाही.

2023 च्या जानेवारीत आम्ही दोघे पुन्हा स्वराज द्वीपला गेलो, रजा प्रवास सवलतीवर. स्वगावाऐवजी अंदमानला जाण्याची मुभा सरकार देते. गावच्या खाडीऐवजी ही खाडी, असे पत्नी गमतीने म्हणाली. या वेळी हुद्दा कोणालाही सांगितला नव्हता. जुना वाटाड्या भेटला नाही. तो आता मध्य अंदमानात कोठेतरी टॅक्सी चालवतो, असे कळले. सात वाजायला दहा मिनिटे असताना आम्ही जेटीवर होतो. नवा मुलगा विशीतला असेल. पाणी भरत होते, वारा पडलेला होता. तो म्हणाला, काल संध्याकाळी खाडीच्या तोंडाशी मगर दिसली, आज जाणार नाही. आमच्यामागे पुण्याचे एक कुटुंब उभे होते, त्यांच्यातले गृहस्थ तावातावाने बोलू लागले की आम्ही एवढ्या लांबून आलो आहोत, पैसे आगाऊ भरले आहेत, समोर तर काहीच दिसत नाही. मुलगा गप्प उभा राहिला. मी त्या गृहस्थांना मराठीत सांगितले की तो म्हणतो ते ऐका. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, जसे सव्वादहाच्या त्या सकाळी मला कोणी सांगितले असते तर मी पाहिले असते.

मुलाला मी विचारले, असे 'नाही' म्हणाल्याचे तू कोठे लिहून ठेवतोस का? तो म्हणाला, "किसके लिए?" मग त्याने आमचे अर्धे पैसे परत केले. जेटीसमोरच्या टपरीवर आम्ही चहा घेतला. पुण्याचे कुटुंबही थोड्या वेळाने तेथे आले आणि त्यांच्या लहान मुलीने माझ्या पत्नीला विचारले की मगर खरोखर किती मोठी असते.